भांगेचा वाख, तागाची जाळी, अंबाडीचे दोर: कुणाकुणाला आठवतंय?

रानवाटा_ठाणे:

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या दुकानांत हल्ली चिया आणि जवसाच्या शेजारी हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या, बियांच्या बरण्या दिसायला लागल्यात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून परवा चांगलीच जुंपली. एक पक्ष म्हणतो, या गांजाच्या बिया, घरात ठेवल्या तर पोलिसांचं लचांड मागे लागेल. दुसरा म्हणतो, केस गळण्यापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर हेच औषध. दोन्ही ऐकून मला वाईट वाटलं. माणसाने हजारो वर्षं ज्या झाडाचे दोर वळले, कापड विणलं, चटणी वाटली, ज्याने भिंती लिंपल्या, त्याची ओळख आपल्याकडे एका नशेपुरती उरली आहे. म्हणून हा चर्चेचा धागा काढतेय.

आधी झाडाबद्दल. भांग, गांजा आणि चरस तिन्ही एकाच झाडाचे, कॅनाबिस सटायव्हाचे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, चिकाचा चरस. यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. गांजासाठी लावणारे नर झाड दिसलं की उपटून टाकतात, म्हणजे मादीला बी धरत नाही आणि चीक वाढतो. बंगालात नावगावला, जे आता बांगलादेशात आहे, शेतातली नर झाडं ओळखून काढणारे खास जाणकार असत. त्यांना पोद्दार म्हणत. वाखासाठी, म्हणजे सालीतल्या धाग्यासाठी, लावणाऱ्याचं गणित उलटं. तो बी दाट पेरतो, मग झाडं फांद्या न फोडता उजेडाकडे सरळसोट वाढतात आणि सालीतला धागा लांब मिळतो. नर झाडाचा धागा मादीपेक्षा मऊ.

हे पीक आपल्याकडे किती जुनं? पाणिनीच्या एका सूत्रात तीळ, उडीद आणि जवसाच्या जोडीने भंगेचं शेत येतं, म्हणजे तेव्हा ते शेतात घेतलं जात होतं. अथर्ववेदात सोम, दर्भ आणि यव यांच्या पंगतीत भंग आहे. उत्तराखंडात कुमाऊंला आजही भांगेच्या बिया भाजून, जिरं, लाल मिरची आणि लिंबू घालून चटणी वाटतात, अळकुडीच्या रश्श्याला त्यांचंच वाटण लावतात. तिथे सालीच्या धाग्याचं जाडंभरडं कापडही विणत. हिमाचलात कुल्लूकडे घरात वापरायची पादत्राणं याच वाखाची करतात.

पण मला सगळ्यात थक्क केलं ते आपल्या वेरूळने. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचा अभ्यास 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. बाराव्या लेण्यातल्या गिलाव्यात, म्हणजे चुना-मातीच्या लेपात, त्यांना भांगेच्या झाडाचा भुसा आणि धागे सापडले, सुमारे १० टक्के. देवगिरीच्या किल्ल्यातल्या गिलाव्यातही सापडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथे किड्यांनी गिलावा पोखरून चित्रांचं मोठं नुकसान केलंय. वेरूळला हा उपद्रव दिसत नाही. धाग्यामुळे माती तडकत नाही, भुसा ओलावा शोषतो आणि सोडतो, त्यामुळे भिंत आतून कोरडी राहते. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या गवंड्याला हे माहीत होतं, आणि आपण ठाण्यात बसून एका बरणीला घाबरतोय.

आता विनंती. महाराष्ट्रात वाखासाठी भांगेपेक्षा ताग (म्हणजे सन, ज्यूट नव्हे), अंबाडी आणि घायपात जास्त वापरात होते. इंग्रजांच्या व्यापारात या सगळ्यांनाच हेम्प म्हणत. अंबाडीला डेक्कन हेम्प, तर आपल्या देवगडच्या तागाला परदेशी बाजारात देवगडच्याच नावाने वेगळी प्रत होती. ज्यांच्या घरी हे काम व्हायचं त्यांनी लिहावं. ऐकीव नको, पाहिलेलं किंवा घरातल्या माणसाने सांगितलेलं हवं.

सावली_कोपरी:

वाचतेय. वेरूळचं माहीत नव्हतं. शाळेच्या सहलीत बारावं लेणं बघून आलेय, भिंतीकडे कुणी नीट लक्षच दिलं नाही.

वऱ्हाडी_कामोठे:

ताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढला. मी मूळचा यवतमाळकडचा, नोकरीमुळे नवी मुंबईत. आमच्याकडे अंबाडीचं वेगळं शेत नसायचं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, आणि ज्वारीच्या धुऱ्याधुऱ्याने चार ओळी टाकायच्या. पिवळं फूल, मध्ये गडद जांभळा ठिपका, काड्या पुरुषभर उंच.

पावसाळ्यात कोवळा पाला भाजीला. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ एकत्र शिजवून वरून लसणाची तेलात कडकडीत फोडणी. तुर्भ्याच्या मार्केटातून अंबाडीची जुडी आणली की आमच्या घरी अजून तीच होते. बी वाळवून जनावरांना चारायचे, गाय दूध चांगलं देते म्हणत.

दिवाळीच्या आसपास काड्या कापून पेंड्या बांधायच्या आणि नाल्याच्या डोहात दगडाखाली दडपून ठेवायच्या. पाणी गार असेल तर दिवस जास्त लागतात, ऊन असेल तर कमी. सडायला लागली की सगळ्या शिवारात वास सुटतो. साल हाताने सुटेल इतपतच सडवायची. एक दिवस जास्त झाला तर धागा कुजून तुटतो, कमी झाला तर साल काडीला चिकटून बसते. हे घड्याळात बघून कळत नाही. माझे आजोबा रोज एक काडी उपसून बुडाकडून मोडायचे आणि साल ओढून बघायचे. शेंड्यापर्यंत एका झटक्यात सरसर निघाली की दुसऱ्या दिवशी सगळं घर डोहावर. गुडघाभर पाण्यात उभं राहून साल सोलायची, मूठभर जुडी करून पाण्यावर आपटायची, पिळायची, पुन्हा आपटायची. काळपट गाळ निघून गेला की आतून पांढरासोनेरी वाख चमकायला लागतो. तो कुंपणावर वाळत घालायचा. उरलेल्या सनकाड्या चुलीला, कुडाला.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या डोहातलं पाणी काळं पडायचं आणि मासे वर यायचे. वाहत्या पाण्यात सडवलं की गावातली खालची मंडळी बोंब मारायची आणि ती रास्तच होती. आज कुणी हे पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर पाण्याची सोय आधी बघावी लागेल.

दिवाळे_खाडी:

बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कोळी मी. आमच्याकडची गोष्ट तागाची. नायलॉन यायच्या आधी, म्हणजे साठच्या दशकाच्या आधी, डोल असो की वाना, जाळं तागाच्या सुताचं. ताग घाटावरून यायचा. माझा बापूस सांगायचा, पावसात होड्या वर काढल्या की घरात दुसरं कामच नसायचं. बाया सूत कातायच्या, पुरुष बांबूच्या सुईने विणायचे. डोलीचं तोंड केवढं मोठं, आणि आत जसजसं जावं तसतशी भोकं बारीक होत जातात. शेवटच्या पिशवीत जवळा अडकला पाहिजे. तेवढं बारीक सूत तागाचं काढायचं म्हणजे सोपं काम नाही.

सुकं सूत खाऱ्या पाण्यात टाकलं की चार दिवसांत सडायला लागतं. म्हणून ऐनाची साल मोठ्या हंड्यात उकळायची, पाणी लाल तांबडं झालं की त्यात जाळं बुडवायचं. सालीच्या तुरटपणामुळे सूत टिकतं. पुन्हा पुन्हा साल द्यावी लागायची. कोळीवाड्यात वाळत घातलेली जाळी त्यामुळे तांबूस दिसायची. ऐन येऊरच्या आणि पनवेलकडच्या डोंगरातला, ताग देशावरचा, जाळं खाडीचं. म्हणजे तीन ठिकाणच्या माणसांचं काम एका जाळ्यात.

पण इथे कुणी "ते दिवस किती छान होते" म्हणणार असेल तर मी आधीच सांगतो, तसं नव्हतं. तागाचं जाळं ओलं झालं की दोन माणसांना उचलत नाही. रोज वाळवायचं, उंदीर लागतात, खेकडे तोडतात. माझ्या आजीची बोटं सूत कातून वाकडी झाली होती. नायलॉन आलं तेव्हा बायांचे हात सुटले, आणि त्याचा मला आनंदच आहे. दुःख आहे ते वेगळं. तागाचं फाटकं जाळं चिखलात कुजून जायचं. नायलॉनचं जाळं खाडीत तुटलं की तिवरांच्या मुळांना गुंडाळून वर्षानुवर्षं पडून राहतं आणि त्यात खेकडे, मासे अडकून मरत राहतात. ओहोटीला वाशी ते दिवाळे होडीने जा, प्रत्येक वळणावर दिसेल.

रानवाटा_ठाणे:

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. माझाही आग्रह जुनं सगळं परत आणा असा नाही. समुद्रातलं मोठं जाळं नायलॉनचं राहील, ते मला मान्य. पण वेल बांधायची सुतळी, तोरणाचा दोर, भाजीची पिशवी, मंडपाची बांधणी, इथे प्लास्टिक का लागतं? गणपतीत ठाण्याच्या तलावांतून निर्माल्याबरोबर प्लास्टिकच्या दोऱ्यांचे गुंते निघतात. एका दिवसाच्या कामाला कधीच न कुजणारी वस्तू वापरायची, हे मला पटतच नाही. जिथे वस्तू आठवडाभरात फेकायचीच आहे तिथे वाख हवा, एवढंच माझं म्हणणं.

ऐनाच्या सालीबद्दल विचारायचं आहे: साल काढल्यावर झाड मरत नसे का?

दिवाळे_खाडी:

सबंध बुंध्याची गोल काढली तर मरतं. जाणता माणूस एका बाजूची काढायचा. पण सगळेच जाणते नव्हते.

तुर्भे_स्टोअर:

बराच वेळ विचार करून लिहितोय. धागा चांगला आहे, पण अजून एक माणूस यात आलेला नाही. वाख काढला शेतकऱ्याने, मग दोर कुणी वळला?

आम्ही मातंग. गाव बीड जिल्ह्यात. दोर वळणं हे आमच्या समाजाचं पिढीजात काम. नाडा, सोल, कासरा, दावं, चऱ्हाट, म्होरकी, वेसण, शिंकं, मोटेपासून चुलीवरच्या शिंक्यापर्यंत सगळं गाव आमच्या हातच्या दोरावर चालायचं. मोट ओढताना नाडा तुटला तर बैल तोंडावर आपटतात, माणूस विहिरीत जाऊ शकतो. म्हणजे नाडा वळणाऱ्यावर किती भरवसा. आणि त्याच गावात त्या हाताला पाणवठ्यावर जागा नव्हती. बदल्यात सुगीला खळ्यावरून पसा-दोन पसे धान्य.

काम कसं चालतं ते लिहितो, कारण ते नोंदवलं गेलं पाहिजे. आमच्याकडे अंबाडीपेक्षा घायपात जास्त, बांधावर आपोआप येतं. पात्या कापायच्या, काटे काढायचे, भिजवायच्या, बडवायच्या. रस हाताला लागला की खाज सुटते, दिवसभर जात नाही. वाख मोकळा करून पिंजायचा. मग एक जण लाकडी फिरकी फिरवतो, दुसरा पाठमोरा मागे मागे सरकत मुठीतून थोडा थोडा वाख सोडत जातो. सगळं कौशल्य त्या मुठीत. जास्त सुटला तर दोराला गाठ येते, कमी सुटला तर तिथे दोर बारीक पडतो आणि नेमका तिथेच तुटतो. असे तीन पदर तयार झाले की ते एकत्र उलट्या दिशेने पिळायचे. प्रत्येक पदराचा पीळ एकीकडे, दोराचा पीळ दुसरीकडे, दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात म्हणून दोर उलगडत नाही. शेवटी तो खांबाला ओढून ओल्या फडक्याने घासायचा, म्हणजे कुसळं बसतात.

पोळ्याच्या आधीचा महिना माझे वडील झोपत नसत. ट्रॅक्टर आला, मोट गेली, नायलॉन आलं. वडील कामासाठी इकडे आले ते परत गेले नाहीत. मला स्वतःला फिरकी चालवता येते, वडिलांइतकी मूठ नाही. माझ्या मुलाने हे काम करावं असं मला मुळीच वाटत नाही. पण ही विद्या होती आणि ती कुणाची होती, हे प्रत्येक लेखात, प्रत्येक प्रदर्शनात लिहिलं जावं असं वाटतं. शहरात "नैसर्गिक धाग्याच्या वस्तू" भारी किमतीला विकतात, त्या पाटीवर हात कुणाचे ते नसतं.

वऱ्हाडी_कामोठे:

दादा, हात जोडून सांगतो, मी डोहापर्यंतच लिहिलं आणि थांबलो. आमचा वाख कुणाच्या घरी जायचा ते मला नावानिशी माहीत आहे. तुमचं लिहिणं सगळ्यांनी वाचावं.

सावली_कोपरी:

+१. धागा इथून पुढे वेगळा वाचला जाईल.

वैद्य_नौपाडा:

औषधाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण याच बाबतीत लोक सर्वात जास्त फसतात.

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. चरक-सुश्रुतांत तिचं ठळक स्थान नाही, मध्ययुगीन ग्रंथांत ती पुढे येते. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचं उदाहरण देताना भंगा आणि अफू ही दोनच नावं घेतली आहेत: आधी सगळ्या शरीरभर पसरतं, पचन नंतर होतं. म्हणून तिच्याशी सांभाळून वागायचं. शोधन केल्याशिवाय वापरायची नाही, पानं धुऊन, दुधात शिजवून, वाळवून, तुपात परतून. जातीफलादि चूर्णात ती असते, ग्रहणी-अतिसारात देतात. कायद्याने ती अनुसूची ई-१ मधली, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीतली आहे. वैद्याच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाही.

१८३९ मध्ये कलकत्त्याला विल्यम ब्रुक ओशॉनेसी या डॉक्टरांनी धनुर्वात आणि लहान मुलांच्या आचक्यांवर भांगेचे प्रयोग करून लिहिलं, तिथून युरोपला ती औषध म्हणून कळली. याच माणसाने पुढे हिंदुस्थानात तारायंत्राच्या लाइनी टाकल्या. १८९३ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला, वर्षभरात त्याचा सात खंडांचा अहवाल आला. मर्यादित सेवनाने फारसा अपाय दिसत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असा त्याचा निष्कर्ष. लोक हा अहवाल दाखवून "बघा, निर्धोक आहे" म्हणतात. त्याच अहवालात अतिसेवनाचे तोटेही आहेत, ते कुणी वाचत नाही. विशीच्या आतल्या मुलांना आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांना गांजा फार घातक ठरू शकतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत.

बियांचं म्हणाल तर भाग वेगळा. गरात नशा नसते. अख्ख्या बीत साधारण तिसरा हिस्सा तेल, चौथा हिस्सा प्रथिनं, चांगलं खाद्य आहे. कर्करोग त्याने बरा होत नाही. असं सांगून कुणी विकत असेल तर तिथून काहीच घेऊ नका.

वकील_वाशी:

कायद्याचं थोडक्यात, कारण पहिल्या पोस्टमधल्या पोलिसांच्या भीतीत थोडं तथ्य आहे.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. पानं आणि बिया, फुलोऱ्यासोबत नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. चरस येतो. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. बनारसला चालतं म्हणून ठाण्यात चालेल असं समजू नका, महाशिवरात्रीलासुद्धा नाही.

खाण्याच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये मान्यता दिली. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, बियांत किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम यापेक्षा जास्त चालत नाही. पाकिटावर परवाना क्रमांक बघून घ्या, बिल ठेवा.

वाख आणि बियांसाठी शेतीला परवानगी देण्याची तरतूद मूळ कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये तशी वाट करून दिली, टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत असावा या अटीवर.

गच्ची_ऐरोली:

माझा प्रश्न लहान आहे. भाची अल्मोड्याहून चटणीसाठी सालीसकट बिया घेऊन आलीये. दोन दाणे कुंडीत टाकले तर? फक्त झाड बघायला, मुलांना दाखवायला.

वकील_वाशी:

नका टाकू. कायद्याला कुंडी आणि शेत यात फरक नाही, एक रोपही लागवडच. शिक्षा दहा वर्षांपर्यंतची आणि दंड एक लाखापर्यंतचा आहे. झाड बघायला आणलं होतं, हा बचाव टिकत नाही. बिया भाजून चटणी करा.

रानवाटा_ठाणे:

आणि मुलांना वाख दाखवायचा असेल तर ताग लावा. बी कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं, पनवेल किंवा कल्याणला नक्की. कसलाही परवाना लागत नाही. मोठ्या कुंडीत किंवा ड्रममध्ये दाट फेका, पिवळी फुलं छान येतात. मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, म्हणून शेतकरी फुलोऱ्यात येताच, साधारण सहा-सात आठवड्यांनी, ताग जमिनीत गाडतात. तुम्ही निम्मी रोपं त्याच मातीत गाडा, निम्मी फुलं झडेपर्यंत ठेवा. मग कापून बादलीत दगडाखाली बुडवा. पाणी मधूनमधून बदला, नाहीतर शेजारी तक्रार करतील. कामोठ्याच्या दादांनी सांगितलंय तशी रोज एक काडी उपसून बघा.

तुर्भे_स्टोअर, एक विचारू का? वाख निघाला तर मुलांना फिरकी दाखवाल? जागा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मिळेल. मानधन आम्ही देऊ, आणि पाटीवर नाव तुमच्या वडिलांचं असेल.

तुर्भे_स्टोअर:

येईन. फिरकी गावाकडे आहे, दिवाळीत आणतो. हॉल लांब हवा, निदान तीस फूट, मागे सरकायला जागा लागते.

दिवाळे_खाडी:

ताग निघाला तर थोडा मलाही ठेवा. आमच्याकडे जाळ्याची बांबूची सुई अजून एक शिल्लक आहे, विणून दाखवतो. ऐनाची साल मात्र आणू नका, ती आता राखीव जंगलातली आहे.